गाडी नेमकी कुठे असते?

राजा मिलिंद बौद्ध भिक्खू भंते नागसेनांना भेटायला रथातून आला होता. भंतेंनी त्याला विचारलं, महाराज, रथ म्हणजे काय? दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. हे सगळे भाग मिळून रथ का, तर तेही नाही. हे सोडून वेगळा असा रथ आहे का, तर तोही नाही. मग भंते म्हणाले, रथ तर कुठेच दिसत नाही, मग तुम्ही कशात बसून आलात? राजाने सावरून उत्तर दिलं की या सगळ्या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव लोकांत चालतं, इतकंच. भंते म्हणाले, बरोबर, आणि ‘नागसेन’ या नावाचंही तसंच आहे.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेलं कॉलेज मिलिंदाच्या नावाने ओळखलं जातं आणि तो परिसर नागसेनवन म्हणून. त्यामुळे आमच्याकडे हे दोघे घरच्या माणसांसारखे. अंबरनाथला आमच्या विहारात वर्षावासात वाचन चालायचं, तेव्हा मी हा संवाद पहिल्यांदा ऐकला. इतरांचं लक्ष माणसाकडे, आत्मा नाही या मुद्द्याकडे गेलं असेल. माझं लक्ष आस आणि चाकांवर अडकलं. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होते, आस म्हणजे काय ते मला तेव्हाही ठाऊक होतं. आज आनंदनगर एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे: दोन लेथ, एक मिलिंग, एक सरफेस ग्राइंडर. दिवसभर मी भाग बनवतो. आख्खी गाडी मी कधीच बनवलेली नाही. म्हणून नागसेनांचा प्रश्न मला नेहमी समोरून विचारल्यासारखा वाटतो. गाडी भागांत नसेल तर ती असते कुठे?

या प्रश्नासाठी मला इटालियन रेसिंग जातीच्या मोटरसायकलींइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही. त्यांच्यावर लोक माणसावर करावं तसं प्रेम करतात, आणि एखादा भाग बदलला की माणूस बदलल्यासारखे चिडतात.

काही वर्षांपूर्वी मुंबईचा एक मेकॅनिक माझ्याकडे मऊ फडक्यात गुंडाळलेल्या शिम, म्हणजे इंजिनातल्या छोट्या चकत्या, घेऊन आला. नव्वदच्या दशकातली लाल डुकाटी त्याच्याकडे सर्व्हिसिंगला उघडून पडली होती. म्हणाला, “काका, या एका शिममधून पॉइंट झिरो थ्री काढायचंय फक्त. बाहेरून मागवली तर महिना जाईल.” पॉइंट झिरो थ्री म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले तीन. मी शिम बोटावर घेतली. करंगळीच्या नखाएवढी, मधे भोक, वरचा पृष्ठभाग आरशासारखा. मायक्रोमीटरने २.८३ दाखवलं. इतकं थोडं काढायला ग्राइंडर लावला तर हात सुटायची भीती, म्हणून जाड काच घेतली, वर हजार नंबरचा पॉलिश पेपर, थोडं तेल, आणि इंग्रजी आठचा आकडा काढावा तसा हात फिरवत राहिलो. चार फेऱ्या झाल्या की पुसायचं, मोजायचं, शिम फिरवून चारही बाजूंना परत मोजायचं. एका बाजूला जरी जास्त घासली गेली तरी ती तिथे तिरकी बसणार.

ही शिम इतक्या लाडाची का, हे सांगायला इंजिनात शिरावं लागेल. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह कॅमने उघडतो आणि स्प्रिंगने बंद होतो. इंजिन फार जोरात फिरायला लागलं की स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही, आणि पिस्टन वर येऊन त्याला भिडू शकतो. डुकाटीचे इंजिनिअर फाबिओ तालिओनी यांनी स्प्रिंगवरचा भरवसाच काढून घेतला. त्यांच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडायला एक रॉकर आणि ओढून बंद करायला दुसरा रॉकर. याला डेस्मोड्रोमिक म्हणतात, बोलताना सगळे डेस्मोच म्हणतात. कल्पना त्यांच्याही आधीची. मर्सिडीजने १९५४ च्या रेसिंग गाडीत ती वापरली होती. पण मोटरसायकलवर ती तालिओनींनी १९५६ च्या १२५ सीसीच्या रेसिंग गाडीत आणली, त्या गाडीने आपली पहिलीच शर्यत, स्वीडनमधली, जिंकली, आणि १९६८ पासून ती रस्त्यावरच्या गाड्यांतही आली. माझ्याकडे आलेल्या जातीच्या इंजिनात आठ व्हॉल्व्ह. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधलं अंतर शिम जुळवते, म्हणजे उघडणाऱ्या आठ शिम, बंद करणाऱ्या आठ. सोळाही जागी अंतर हाताने तपासायचं, तेही साधारण दर दहा हजार किलोमीटरला. या सोळा चकत्या नीट नसतील तर ती गाडी ती गाडी राहत नाही, असं तो मेकॅनिक म्हणाला होता, आणि त्याचा आवाज अगदी श्रद्धेचा होता.

आता पुढची गोष्ट पाहा. २०२० साली डुकाटीने मल्टिस्ट्राडासाठी जे नवं चार सिलिंडरचं इंजिन काढलं, त्यातून डेस्मो काढून टाकला आणि साध्या स्प्रिंगा लावल्या. व्हॉल्व्ह तपासायचं अंतर एकदम साठ हजार किलोमीटरवर गेलं. २०२१ च्या मॉन्स्टरमधून पाइपांची जाळीदार चासी गेली, तीही डुकाटीची ओळखच होती. मग नव्या पॅनिगाले व्ही-टूमधूनही डेस्मो गेला. त्याच्याही आधी बहुतेक गाड्यांतून सुका क्लच गेला होता, ज्याच्या खडखडाटावरून माणसं डोळे मिटून गाडी ओळखायची. मालकांचं म्हणाल तर १९२६ साली बोलोन्यात रेडिओचे भाग बनवायला सुरू झालेली ही कंपनी युद्धानंतर सायकलला बसवायच्या कुच्चोलो इंजिनाकडे वळली, पुढे काजिवाकडे गेली, मग अमेरिकन गुंतवणूकदारांकडे, आणि २०१२ पासून ती जर्मन आउडीची आहे. दांडी काढली, आस काढली, जू काढलं. आता सांगा, डुकाटी कुठे आहे?

नागसेन म्हणतील, नावात. पण नाव हे उत्तर मला पुरत नाही, आणि त्याचं कारण डुकाटीच्याच इतिहासात आहे. १९९४ साली मास्सिमो ताम्बुरिनींची ९१६ आली. सायलेन्सर सीटखाली नेलेले, मागचं चाक एकाच बाजूच्या हाताने धरलेलं, पुढे दोन बारीक आडवे दिवे, मधे कमरेसारखी अरुंद टाकी. पुष्कळ जाणकार तिला आजवरची सर्वांत देखणी मोटरसायकल म्हणतात. २००३ मध्ये तिच्या जागी ९९९ आली. तिच्यात मागचा हात दोन्ही बाजूंचा होता, दिवे एकावर एक. नाव डुकाटीचं, रंग तोच लाल, इंजिनात तोच डेस्मो. वर्ल्ड सुपरबाइकची विजेतेपदं तिने २००३, २००४ आणि २००६ ला मिळवली. तरीही लोकांनी ती आपली मानली नाही. २००७ ला कंपनीने १०९८ आणली, त्यात एका बाजूचा हात परत, आडवे दिवे परत. म्हणजे नाव होतं, भाग होते, वेगही होता, आणि तरी काहीतरी नव्हतं. ते जे नव्हतं, त्याला नागसेनांच्या हिशेबात जागा कुठे?

बदलापूरला कुळगावात राहणारे एक निवृत्त संस्कृतचे शिक्षक आहेत, सगळे त्यांना सरच म्हणतात. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांची लँब्रेटा आहे, तिच्या कामासाठी ते माझ्याकडे येतात. एकदा मी त्यांना मिलिंदाच्या रथाची गोष्ट सांगितली. सर उठले, दारात उभी असलेली स्कूटर स्टँडवरून काढली, हँडलला धरून पुढे ओढली आणि म्हणाले, “मी ओढलं काय? हँडल. आलं काय? सगळी गाडी. हाच नैयायिकांचा बौद्धांना जबाब.”

मग त्यांनी मला गौतमांचं न्यायसूत्र समजावलं. नैयायिक म्हणतात, अवयव वेगळे आणि अवयवी वेगळा. अवयव म्हणजे भाग. अवयवी म्हणजे त्या भागांत राहणारी, पण त्यांच्याहून निराळी, खरीखुरी एक वस्तू. पुरावा असा की एक भाग धरला तर आख्खी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला तर आख्खी ओढली जाते. नुसता भागांचा ढीग असता तर हातात फक्त हँडल आलं असतं. बौद्धांचा उलट सवाल तयारच होता. सैन्य लांबून एक दिसतं, अरण्य एक दिसतं, म्हणून काय सैनिक आणि झाडं यांच्यापलीकडे तिसरी वस्तू असते? सरांचा प्रामाणिकपणा असा की आपल्याच बाजूची कमजोरीही त्यांनी सांगितली. भाष्यकार वात्स्यायन म्हणतात की लाखेने चिकटवलेलं गवत आणि दगडसुद्धा एकत्र उचलले जातात, मग तिथेही नवी वस्तू जन्मली असं म्हणाल का? नुसत्या ओढण्याने अवयवी सिद्ध होत नाही.

माझ्या मते सगळ्या वादाचा कणा इथे आहे, आणि टर्नर म्हणून मला इथे बोलायचा अधिकार आहे असंही वाटतं. चिकटवलेली वस्तू आणि फिट झालेली वस्तू यांत फरक आहे. चिकटलेल्या दोन भागांना एकमेकांची गरज नसते. फिट झालेला प्रत्येक भाग दुसऱ्या भागामुळे तसा असतो. मोटो गुत्सीची व्ही-सेव्हन स्पोर्ट घ्या, १९७१ ची. आधीच्या व्ही-सेव्हनमध्ये डायनामो इंजिनाच्या डोक्यावर बसायचा, दोन सिलिंडरांच्या मधल्या खाचेत. त्यामुळे चासी वरून न्यावी लागायची आणि गाडी उंच व्हायची. लिनो तोन्तींनी तो काढला, क्रँकच्या पुढच्या टोकाला आल्टरनेटर लावला, मधली खाच मोकळी झाली, आणि चासीचे सरळ पाइप त्या खाचेतून खाली उतरले. गाडी बुटकी झाली, स्वार पुढे वाकला, टाकी लांब झाली. वीज बनवणारा भाग हलला आणि स्वाराची पाठ वाकली! ती चासी पुढे कित्येक वर्षं गुत्सीला पुरली. अवयवी मला तिथे दिसतो, एक भाग दुसऱ्या भागाला जे कारण देतो त्यात. ९९९ मध्ये कारणं होती, चांगली होती, पण ती ९१६ च्या कारणांशी बोलत नव्हती. लोकांना हे शब्दांत सांगता आलं नाही, डोळ्यांना मात्र कळलं.

सरांशी माझं भांडण पुढच्या पायरीवर सुरू होतं. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी खरा आहे म्हणूनच तो नाजूक आहे. कापडातला एक धागा काढला की जुनं कापड नाश पावतं आणि उरलेल्या धाग्यांतून नवं कापड जन्मतं, त्याला ते खंडपट म्हणतात. दिसायला तेच, पण तेच नव्हे. सर हे स्वतःच्या लँब्रेटालाही लावतात. मी कनेक्टिंग रॉडच्या छोट्या टोकाचा गनमेटल बुश बदलून दिला, तेव्हा सर पैसे देता देता शांतपणे म्हणाले, “माझ्या वडिलांची स्कूटर आज गेली. ही दुसरी.” ते अगदी मनापासून बोलत होते, आणि मला ते ऐकून वाईट वाटलं.

कारण ती स्कूटर मुळात कितवी? लँब्रेटा मिलानच्या इनोसेंटी कंपनीची, १९४७ सालची कल्पना. आपल्याकडे ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने ती पन्नाशीच्या दशकात परवान्यावर घेतली आणि भांडुपच्या कारखान्यात बनवली. सरांच्या वडिलांची तिथलीच. इकडे बजाजने व्हेस्पाचा परवाना घेतला होता, तो १९७१ ला संपला आणि मग चेतक आली. तिकडे इनोसेंटीने स्कूटर बंद केली, तेव्हा तिथली यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेऊन लखनौला नेली, आणि त्यातून विजय सुपर निघाली. म्हणजे काही वर्षं अशी होती की लँब्रेटा इटलीत बनत नव्हती आणि भारतात बनत होती. पुढे नव्वदीनंतर इथल्या जुन्या लँब्रेटा आणि व्हेस्पा रंगवून, जोडून, कंटेनर भरभरून युरोपात गेल्या. तिकडचे शौकीन आज ज्या गाडीला इटालियन वारसा म्हणून जपतात, तिच्यातल्या एखाद्या बुशवर कल्याण-अंबरनाथच्या लेथचे ओरखडे असू शकतात. सरांच्या हिशेबाने यात किती मृत्यू झाले आणि किती जन्म?

इथे मला नागसेनांकडे परत यावं लागतं. रथाच्या गोष्टीसाठी नव्हे, आंब्याच्या गोष्टीसाठी. एका माणसाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर तो राजाला म्हणतो, मी याचे आंबे घेतलेच नाहीत. याने जमिनीत पुरला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे. नागसेन विचारतात, महाराज, तुम्ही त्याला सोडाल का? मिलिंद म्हणतो, नाही, कारण हे आंबे त्या आंब्यातूनच आले. ते आंबे तेच नव्हते, आणि परकेही नव्हते.

ही गोष्ट मला उल्हासनगरात सगळ्यात जास्त पटते. ‘उल्हासनगरचा माल’ हे शब्द डुप्लिकेट या अर्थाने मुंबईभर वापरले जातात. मला ते ऐकवत नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत लाखाच्या आसपास सिंधी निर्वासित आणून ठेवले, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हास नदीवरून उल्हासनगर नाव मिळालं. आजही पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प चार असाच सांगतात. या माणसांची जमीन गेली, घरं गेली, नदी गेली, भोवतालची भाषा गेली. दांडी, आस, चाकं, सगळं गेलं. तरीही तो समाज तोच राहिला, हे कुणीही नाकारत नाही. कॅम्प पाचमधल्या चालिहा साहेब मंदिरात अखंड ज्योत आहे. ती फाळणीच्या वेळी सिंधमधून आणली, असं भाविक सांगतात, आणि दर पावसाळ्यात चाळीस दिवसांचं व्रत करणारे लोक तिच्यापुढे बसतात. नागसेनांनी दिव्याचंही उदाहरण दिलेलं आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच नाही, दुसरीही नाही, एकीतून दुसरी जळत आली. त्या मंदिरात कुणी उठून म्हणालं की ही ज्योत डुप्लिकेट आहे, तर ते किती क्रूर आणि किती चुकीचं होईल!

मग स्पेअर पार्टला आपण तसं का म्हणतो? इथे मात्र माझं म्हणणं सरळ नाही, आणि ते सरळ ठेवावं असंही मला वाटत नाही. उल्हासनगरच्या बाजारात असे पार्ट मिळतात ज्यांच्यावर दुसऱ्याचं नाव ठोकलेलं असतं आणि आत कच्चं लोखंड असतं. तो आंबाचोर आहे, त्याला सोडू नये. पण त्याच बाजारात असे कारागीर आहेत जे बंद पडलेल्या गाडीचा पार्ट नमुन्यावरून बनवतात, माप जपतात, धातू जपतात, आणि हा आपला माल आहे हे तोंडाने सांगतात. हा माणूस झाड लावणारा आहे. दोघांचा माल काउंटरवर सारखाच दिसतो. त्या दोघांत फरक ऋण मानण्याचा आहे.

ताम्बुरिनींकडे याच नजरेने पाहावंसं वाटतं. रिमिनीचा हा माणूस, इंजिनिअरिंगची पदवी नाही, धंदा हीटिंगच्या पाइपांचा. १९७२ मध्ये मिसानोच्या ट्रॅकवर होंडा ७५० वरून पडला, बरगड्या मोडल्या. बरं होता होता त्याने त्याच होंडाच्या इंजिनाभोवती स्वतःची चासी बांधली, आणि ती बिमोटा या कंपनीची पहिली मोटरसायकल ठरली. बिमोटाने पुढेही होंडा, सुझुकी, कावासाकीची इंजिनं उघडपणे वापरली. जगाने त्या गाड्यांना अस्सल इटालियन म्हटलं, आणि ते बरोबरच होतं. ९१६ चं एका बाजूने धरलेलं चाक आणि सीटखालचे सायलेन्सर तरी कुठे आभाळातून पडले होते? होंडाच्या एनआरवर १९९२ लाच दोन्ही होते. मला यात कमीपणा दिसत नाही. आंबा दुसऱ्याच्या झाडाचा होता, पण ताम्बुरिनींनी तो पेरला, आणि त्याला जे झाड आलं ते होंडाच्या अंगणात आलं नव्हतं.

याच्या उलट मला ज्याचा राग येतो ती गोष्टही सांगतो. आज रस्त्यावर अशा मोटरसायकली दिसतात ज्यांच्या बाजूला हवा घ्यायच्या जाळ्या असतात आणि जाळीमागे प्लास्टिक बंद असतं. हवा कुठेच जात नाही. रेसिंगच्या गाडीत त्या जागी भोक असायचं कारण मागे रेडिएटर असायचा. कारण गेलं, भोकाचा आकार राहिला. ही मला लाखेने चिकटवलेली वस्तू वाटते.

इतकं ठरवून मी निवांत झालो असतो, पण कोंढाण्याच्या लेण्यांनी मला तसं राहू दिलं नाही. बदलापूरहून लोकलने तासाभरातच कर्जतला उतरता येतं, पुढे राजमाचीच्या पायथ्याशी चढून जायचं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासची बौद्ध लेणी. चैत्याच्या दर्शनी भागावर कमानी, वेदिकांच्या जाळ्या, बाहेर डोकावणारी तुळयांची टोकं, विहाराच्या छताला तुळया, आणि हे सगळं दगडात. डोंगर पोखरून केलेल्या खोलीला तुळई कशाला लागते? छत डोंगरानेच धरलेलं आहे. लाकडी इमारतीत जे कारणाने होतं, ते इथे कारणाशिवाय कोरलेलं आहे. माझ्या प्लास्टिकच्या जाळीच्या नियमाने हेही खोटंच ठरायला हवं. आणि मी तर तिथे दर वेळी हात जोडून उभा राहतो.

यावर मी खूप विचार केला. चैत्याच्या दर्शनी भागाशी एका भग्न मोठ्या मूर्तीचं डोकं उरलेलं आहे, त्याच्याजवळ ब्राह्मीत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, इतकाच तिचा आशय. दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर स्वतःचं नाव घालतो आणि त्याच्याही आधी गुरूचं घालतो. त्या दगडी तुळयांमध्ये मला आता तीच रीत दिसते. ज्यांनी लाकडात बांधलं त्यांच्याकडून आम्ही हे शिकलो, असं ती कातळातली तुळई सांगते. भार ती छताचा घेत नाही, मागच्या पिढीचा घेते. बंद जाळीचं प्लास्टिक कुणाचंच नाव घेत नाही, बघणाऱ्याला फक्त फसवतं. म्हणून माझा जुना नियम मी थोडा हलवला आहे. भागाला भागाचं कारण लागतं, किंवा पूर्वजाचं तरी. दोन्ही नसेल तर अवयवी नाही. आणि कारण असेल तर एखादा भाग नसूनही अवयवी उरतो. शके ९८२ म्हणजे १०६० चा शिलालेख असलेल्या आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिराचं शिखर पुरं नाही आणि गाभारा वरून उघडा आहे. पण मंदिर अर्धं झालं असं महाशिवरात्रीच्या गर्दीत कुणी म्हणताना ऐकलेलं नाही.

हल्ली नवाच प्रश्न दारात उभा राहायला लागला आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आप्रिलियाची आरएस ४५७ भारतात आली. आप्रिलिया इटलीतल्या नोआलेची, मालक पियाजिओ, जिच्याकडे गुत्सी आणि लावेर्दाची नावंही आहेत. ही गाडी आखली तिकडे आणि बनते बारामतीत, आणि बारामतीहून ती युरोप-अमेरिकेतही जाते. कॅम्प तीनमधल्या एका मुलाने ती घेतली आहे. पडून वाकलेला फूटपेग सरळ करायला तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, मित्र चिडवतात, ही काय खरी इटालियन नाही म्हणे. बारामतीची आहे.” मी त्याला विचारलं, ओढून बघितलीस का? तो गोंधळला. मग सरांच्या स्कूटरची गोष्ट सांगितली आणि आंब्यांचीही. म्हटलं, नोआलेच्या माणसाने ज्या कारणाने चासी तिथे वळवली, ते कारण बारामतीच्या वेल्डरच्या हाताने पाळलं असेल, तर गाडी त्या दोघांची आहे, आणि उद्या तो फूटपेग नीट बसला तर तिळाएवढी माझीही.

सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली नाही. म्हणाले, “तुम्ही ऋणालाच अवयवी करून टाकलंत. ऋण गुण आहे, द्रव्य नाही. गुणाला राहायला द्रव्य लागतं. आधी वस्तू दाखवा.” बौद्ध म्हणून माझं उत्तर तयार आहे, की द्रव्य तरी तुम्ही कुठे दाखवलंत, तुम्ही फक्त हँडल ओढलंत. पण टर्नर म्हणून मला त्यांचं म्हणणं पुरतं उडवून लावता येत नाही. पॉइंट झिरो थ्री घासताना माझ्या बोटांखाली काहीतरी होतं, आणि ते नुसतं नाव नव्हतं. येत्या पौर्णिमेला सर विहारात येणार आहेत. मिलिंदाचा रथ आम्ही तिथे पुन्हा काढणार आहोत, आणि मी त्यांना लँब्रेटा घेऊनच यायला सांगितलं आहे.